नाव जाड आलं, नाना

नाना,

तुमची फाइल उघडून बसले आहे आणि डोकं फिरलं आहे. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. भेटायला येणाऱ्यांसाठी शेजाऱ्यांकडून आणलेल्या सतरंज्या अजून परत दिलेल्या नाहीत, काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, आणि मी खाली दुकानात तुमच्या खुर्चीवर बसून एका वर्डच्या फाइलशी भांडते आहे. खरं म्हणजे तुमच्याशीच. फाइल नुसतं निमित्त.

फाइलचं नाव काय, तर 'अर्ज नमुना शेवटचा नवा २'. शेवटचा, तरी नवा, आणि वर दोन! यावरून आपलं किती वेळा वाजलं. मी म्हणायची, फाइलच्या नावात तारीख घाला. तुम्ही म्हणायचात, "तारीख अर्जात आसाच की." आता या फोल्डरमध्ये 'शेवटचा' नावाच्या सात फाइली आहेत, आणि त्यांतली खरी शेवटची कोणती हे सांगायला तुम्ही नाही.

शुक्रवारी मुदत संपते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांचे जे अर्ज तुम्ही करून देत होतात, त्यांतले एकसष्ट उरलेत. माणसं दुकानाच्या दाराशी येतात, तुमच्या फोटोला हात जोडतात आणि मग दबक्या आवाजात विचारतात, "आमच्या कागदाचं काय, ताई?" त्यांना काय सांगू? पुतणी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण दोन पानी अर्ज तिला धड जमत नाही, असं सांगू?

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. काम ते काय, यादीतली नावं उचलायची आणि नमुन्यातल्या जागी भरायची. यादी तुम्ही केलेली होतीच. नाव, खातं, गिरणीत माणूस ज्याने ओळखला जायचा तो तिकीट नंबर, वारस, सगळं रकान्यांत. मी कंपनीत रोज याच्या दसपट गुंतागुंतीची कामं करते. छोटासा प्रोग्राम लिहिला की एका बटणात सगळे अर्ज तयार. हेच मी तुम्हाला सांगितलं होतं, दिवाळीच्या आधी तुमची छाती दुखायला लागली तेव्हा. "नाना, तुम्ही पडून राहा. मशीन करील." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कर. पण माझ्या अर्जाचा तोंड बदलूक नको हां, नंदे."

तोंड बदललं, नाना. पहिल्याच फटक्यात बदललं.

संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. बाबा लूमखात्यात, तुम्ही त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात टायपिस्ट. गेट बंद झालं तसे दोघे भाऊ घरी बसलात. बाबा वर्षभराने गावी गेले ते तिथलेच झाले, आणि मला शाळेसाठी तुमच्याकडे ठेवलं. तुम्ही कुठूनसा एक जुना मराठी टाइपरायटर आणून लालबागच्या आपल्या चाळीच्या जिन्याखाली टेबल टाकलंत. पोरांना शाळेत नादारी, म्हणजे फीमाफी, मिळावी म्हणून अर्ज, रेशनकार्डावर नाव चढवायचा अर्ज, गिरणीकडून नोकरीचा दाखला मिळावा म्हणून अर्ज. माझी बाराखडी शाळेत कमी आणि त्या टेबलाशी जास्त झाली. टाइपरायटरच्या कळांवर अक्षरं भलत्याच क्रमाने असतात, त्यामुळे मी बाईंना क, ख, ग उलटंपालटं म्हणून दाखवलं होतं, ते आठवून तुम्ही म्हातारपणीसुद्धा हसायचात.

टाइपरायटरला जाड अक्षर नसतं. तुम्ही ते काढायचात. अर्जदाराचं नाव आलं की एक अक्षर मारायचं, मागची कळ दाबायची आणि त्याच अक्षरावर पुन्हा मारायचं. कधी दोनदा, कधी तीनदा. मग नावाखाली रेघ. कागद बाहेर आला की नाव उठून दिसायचं, आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर हातालाही लागायचं. दहावीनंतर माझा कॉलेजचा अर्ज तुम्हीच केलात. माझं नाव इतकं काळं केलंत की मी लाजून म्हटलं, एवढं कशाला? "बघणाऱ्याचो डोळो आधी तुझ्या नावार जावक व्हयो," तुम्ही म्हणालात. त्या कॉलेजात मी शिकले, नोकरीला लागले, दादरला घर केलं. तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्या घरात ती पद्धतच नाही, पण निदान एकदा मानायला हवे होते.

पुढे तळमजल्यावरची ही खोली मिळाली, दुकान झालं, कम्प्युटर आला. मी तुम्हाला दाखवलं की नाव सिलेक्ट करून एक बटण दाबलं की जाड होतं. तुम्ही स्वतः दाबून पाहिलंत. जाड, बारीक, जाड, बारीक. मग म्हणालात, "एवढ्यात?" तुम्हाला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मी विचारलं नाही.

तर तो नमुना. दिसायला वर्डमधली ओळ एक असते, पण आत तिचे तुकडे असतात. तुम्ही वर्षानुवर्षं तीच फाइल वापरलीत. आज एक काना सुधारला, उद्या अर्धा शब्द जाड केला, परवा रेघ ओढली. दर वेळी आत एक नवा तुकडा पडला. कामगाराच्या नावाच्या जागी तुम्ही चौकटी कंसात 'नाव' असं लिहिलं होतंत. पडद्यावर तो एकसंध शब्द. आत बघितलं तर उघडा कंस एका तुकड्यात, 'ना' दुसऱ्यात, 'व' आणि बंद कंस तिसऱ्यात. प्रोग्राम शोधत बसला आणि त्याला काही सापडेना. मग मी घाईने काय केलं, सगळी ओळ एकत्र उचलली, तिच्यात नाव भरलं आणि परत ठेवून दिली. नावं बरोबर भरली गेली. पण तुकड्यांबरोबर त्यांचं रूपही गेलं. नावाचा जाडपणा गेला. खाली वारसाच्या सही-अंगठ्याच्या ओळीत तुम्ही आखलेली लांब रेघ गेली, तिच्या जागी नुसता कोरा कागद. सगळा अर्ज वरपासून खालपर्यंत सपाट.

मी बघितलंच नाही. नावं तपासली, तिकीट नंबर तपासले आणि खूश झाले. तुम्ही तेव्हा हॉस्पिटलात होतात आणि मला तुमच्यावर उपकार करायची घाई झाली होती. चाळीस अर्ज छापले, लोकांच्या हातात दिले, आणि सांगितलं की घरी जाऊन सही नाही तर अंगठा करा आणि जमा करून टाका. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात, ती मी.

तुम्ही घरी आलात, दुकानात उतरलात, उरलेली एक प्रत हातात घेतलीत. दोन दिवसांनी मी आले तर तुम्ही खुर्चीत बसून, छातीशी उशी धरून, एका बोटाने काम करत होतात. मी पुढच्या लोकांच्या ज्या फाइली तयार करून ठेवल्या होत्या, त्यांतली एकेक उघडायची, नाव जाड करायचं, खाली रेघ आखायची, बंद करायची. डॉक्टरांनी महिनाभर दुकानाची पायरी उतरू नका म्हणून बजावलं होतं.

"नाना, हे काय चाललंय? मी केलंय ना सगळं!"

"तू केलेलाच निस्तरतंय," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा मान खाली घातलीत.

मला राग आला तो इतका की त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. समोरच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले आणि प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली, ही ओळ जाड कर म्हणून. चालवला, छापला, कागद तुमच्यापुढे ठेवला. आणि झालं होतं काय, तर इंग्रजी आकड्यांतला तिकीट नंबर काळाकुट्ट, आणि त्याच्याशेजारी माणसाचं नाव होतं तसंच बारीक. वर्ड इंग्रजीचा जाडपणा वेगळा लिहून ठेवतं आणि देवनागरीचा वेगळा. मी सांगितला तो इंग्रजीचा. मराठी अक्षरांनी तो मानला नाही. मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मला माझ्या भाषेतलं एक नाव जाड करता येत नव्हतं.

तुम्ही कागद लांब धरून बघितलात. "नंबर जाड, नाव बारीक," तुम्ही म्हणालात. "गिरणीत तरी आणखी काय होता?"

तुम्ही हसत होतात. थट्टाच होती ती, आणि चांगली होती. एरवी मी पण हसले असते. पण बाकावर दोन माणसं बसली होती, ती हसली, आणि मला झोंबलं. मग मी जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. "अक्षर जाड केलं म्हणून कोणाला घर मिळत नाही, नाना. लॉटरीत नंबर लागला तर मिळतं. हा सगळा तुमचा टायपिस्टाचा माज आहे."

माज. हा शब्द मी तुम्हाला वापरला. माणसं जमिनीकडे बघायला लागली. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याने पुसलात, पुन्हा घातलात आणि पुढची फाइल उघडलीत. त्यानंतर तीन आठवडे आपण फक्त औषधांबद्दल बोललो. गोळी घेतलीत का? घेतली. दुपारची? ती पण. माफी मागायची मी रोज ठरवत होते आणि रोज वाटत होतं की आधी प्रोग्राम नीट करू, एक तरी अर्ज तुमच्यासारखा छापून तुमच्यापुढे ठेवू, मग बोलू. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तुम्ही गेलात.

यासाठी मी स्वतःवर जेवढी चिडले आहे, त्याहून जास्त तुमच्यावर चिडले आहे, आणि ते का, तेही ऐका.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी घोडपदेवहून सुंद्रामावशी आल्या. त्यांचे मालक कार्डिंगखात्यात होते, संपातच वारले. काकूच्या गळ्यात पडून रडून झाल्यावर त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. माझ्या पहिल्या चाळिसांतला अर्ज. अर्ज जमा करायच्या खिडकीवरून परत आलेला. अंगठा सही-अंगठ्याच्या जागी नव्हता, वर भलत्याच ओळीवर होता, आणि खालचा मजकूर शाईत बुडाला होता.

"मावशी, इथे कसा दिलात अंगठा?" मी विचारलं.

"काय करू गो? माका वाचूक येना नाय. नानांनी शिकवन ठेवल्यानी होता. मधी जाड अक्षरां आसत, ती तुझ्या घोवाची. तेच्या खाली रेघ आसा, ती तुझी जागा. ह्या कागदार सगळा सारख्याच. नाव खंय, रेघ खंय, कायच गावना नाय. मगे देवाचा नाव घेतलंय नि दिलंय."

मी विचारलं, असे आणखी किती परत आले? त्यांच्या एकट्या चाळीत तिघींचे आले होते. तिघी मिळून तुमच्याकडे आल्या होत्या. तुम्ही तीनही कागद बघितलेत आणि त्यांना सांगितलंत, "नंदाक सांगू नकात. तिका वायट वाटात. मी बघतंय."

तिला वाईट वाटेल! नाना, हे काय कारण झालं? मी तुमच्यासमोर स्टुलावर बसून तुम्हाला माजोरडे म्हणत होते, तेव्हा ते तीन कागद तुम्ही आधीच बघितलेले होते. एक वाक्य बोलला असतात तर पुरे होतं. 'नंदे, ह्या बायकांना वाचता येत नाही.' बस. मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. पण तुम्ही तोंडात मूग धरून बसलात, आणि मला आयुष्यभर पुरेल एवढं वाईट वाटायची सोय करून गेलात. माणसाला जपायची ही कसली रीत? तुमच्या पिढीतल्या सगळ्याच पुरुषांना ही खोड होती. बाबांनाही होती. गिरणी गेली तरी घरात बोलायचे नाहीत, बायकामुलांना वाईट वाटेल म्हणून. आम्हाला काय कळत नव्हतं?

आणि मी तरी काय दिवे लावले? सहा वर्षांची होते तेव्हापासून तुम्हाला एकाच अक्षरावर दोनदा हात मारताना बघत होते. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही की का. मला वाटायचं, हौस आहे तुमची. टापटीप. चांगल्या टायपिस्टाला असते तशी. जिन्याखाली कागद घेऊन थांबलेल्या बायका नावावरून बोट फिरवून बघायच्या, ते मी रोज बघत होते आणि मला वाटायचं, त्यांना शाईची गंमत वाटते.

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी नमुना पुन्हा उघडला. या वेळी ओळ उचलली नाही. प्रत्येक तुकडा जिथल्या तिथे ठेवला. ठरवलं की सगळं नाव पहिल्या तुकड्यात भरायचं आणि बाकीचे रिकामे करायचे, म्हणजे रूप शाबूत राहील. चालवलं. पुन्हा बारीक! लॅपटॉप उचलून खिडकीतून टाकावा असं वाटलं. अर्धा तास गेला तेव्हा कळलं की पहिला तुकडा म्हणजे उघडा कंस, आणि तुम्ही कंस जाड केलाच नव्हता. का करावा? तो छापायचाच नव्हता. तुम्ही फक्त नाव जाड केलं होतंत. मग नाव 'ना'च्या तुकड्यात भरलं, दोन्ही बाजूंचे तुकडे रिकामे केले, आणि रेघेच्या तुकड्याला बोटही लावलं नाही. मराठीचा जाडपणा मला वेगळा सांगावाच लागला नाही. तुम्ही बटण दाबलं होतंत तेव्हाच तो तिथे लिहिला गेला होता. इतके दिवस माझ्या प्रोग्रामने एवढंच करायचं होतं, की तुम्ही करून ठेवलेल्याला हात लावायचा नव्हता.

पहिला अर्ज सुंद्रामावशींचा छापला. नाव जाड आलं, नाना. मधोमध, काळं, खणखणीत. खाली रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. त्या चाळीतल्या तिघींचे अर्ज मी स्वतः घेऊन गेले आणि तिघींना काही न सांगता कागद हातात दिले. तिघींनी अंगठा बरोबर जागी दिला. एकीने विचारलं, "नानांनी करून ठेवल्यानी होते?" मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

मग उरलेले सगळे काढायला यादी उघडली. प्रोग्राम म्हणाला, बासष्ट. माझ्या हिशेबाने एकसष्ट होते. शेवटची ओळ बघितली तर तुमचं नाव. खातं टाइम ऑफिस. तिकीट नंबर. वारसाचा रकाना रिकामा, कारण ही ओळ भरताना तुम्ही होतात. कामगार स्वतः जिवंत असला तर त्याचा अर्ज आधी घेतात, हे सगळ्या लालबागला समजावणारे तुम्ही, आणि स्वतःचा अर्ज तुम्ही केलाच नव्हता! किती वेळा विचारलं होतं मी, नाना, तुमचं काय? "माझा शेवटाक," हे एकच उत्तर. आता शेवटाकच झालं. फरक एवढाच की तुम्ही सही करायची होती, ती काकूने करायची.

वारसाच्या रकान्यात मी काकूचं नाव लिहिलं. तुमच्या नावाआधी 'कै.' लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिताना मला इतका राग आला की कोणावर ते कळेना. तुमच्यावर, अर्जावर, त्या संपावर, सकाळच्या त्या चहावर. मग बटण दाबलं. बासष्ट अर्ज तयार झाले. एकेक उघडून बघितला. तुमचा तीनदा बघितला. नाव जाड, नंबर बारीक, रेघ सरळ.

छापलेला अर्ज घेऊन वर गेले. काकू भाजी चिरत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला, सगळा कागद वरपासून वाचला आणि तुमच्या नावापाशी थोडी थांबली. मग पोळपाटावर कागद ठेवून रेघेवर सावकाश सही केली. कागद माझ्या हातात दिला, विळीकडे वळली, आणि पाठमोरीच, रोज विचारावं तसं म्हणाली, "तेंका दाखयलंस ना?"

विळीवरचा तिचा हात थांबला. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "एकही चूक काढली नाही त्यांनी."